पट्टी झिजते ती कुठे जाते

"पद्मजा, आधी तो एप्रन बदल. पाहुणे अकराला पोचतायत," शिरोळे सर शेडच्या दारातून म्हणाले.

मी हौदावर वाकून जुन्या पट्ट्या काढत होते. ऑक्टोबरात बसवली तेव्हा ॲल्युमिनियमची एकेक पट्टी दोन किलोची होती. आता हातात आली ती कसर लागलेल्या कापडासारखी. कडा कुरतडलेल्या, मधे भोकं. मी ती काट्यावर ठेवली. एक किलो दोनशे.

"सर, पुण्याहून रिपोर्ट आलाय."

"कसला?"

"आपल्या पावडरीचा. डिसेंबरात मी नमुना पाठवला होता. किलोमागे अकरा ग्रॅम ॲल्युमिनियम आहे."

सर आत आले. पाठीमागचं दार त्यांनी लोटून घेतलं.

"कुणाला विचारून पाठवलास?"

नऊ वर्षं झाली, पण ते दार लोटल्याचा आवाज मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो. अकरा ग्रॅम ऐकून त्यांनी पहिली गोष्ट काय विचारली, तर कुणाला विचारून.

बीड जिल्ह्यात चिंचाळवाडी नावाचं गाव आहे. गावाबाहेरच्या माळावर सरांच्या कंपनीचा हा प्रकल्प होता. सिमेंटच्या लांबलचक उथळ हौदांत आम्ही शेवाळ वाढवायचो. हे शेवाळ विहिरीच्या काठाला असतं तसं बुळबुळीत नव्हे. एकेक कण इतका बारीक की डोळ्यांना दिसत नाही, फक्त पाणी हिरवं दिसतं. ते वाढवणं सोपं, पाण्यातून बाहेर काढणं महाकठीण. कापडातून गाळलं तर पाण्याबरोबर निघून जातं. यंत्रात घुसळून काढायचं तर वीज इतकी लागते की धंदा बसतो. आमची रीत वेगळी होती. हिरवं पाणी एका हौदात घ्यायचं, त्यात धातूच्या पट्ट्या सोडायच्या आणि छपरावरच्या सौर पॅनेलची वीज सरळ त्या पट्ट्यांना द्यायची. कण एकमेकांना चिकटत, बारीक बुडबुड्यांवर बसून वर येत आणि वीस मिनिटांत हिरव्या सायीचा जाड थर पाण्यावर तरंगायला लागे. खाली नितळ पाणी. विजेचं बिल शून्य. बघायला येणारा प्रत्येक माणूस त्या क्षणाला टाळ्या वाजवायचा.

सुरुवातीला या शेवाळापासून तेल काढायचं ठरलं होतं. ते परवडेना. मग ते माशांचं खाद्य झालं. आणि त्या वर्षी नोव्हेंबरपासून आम्ही ते वाळवून, दळून गावातल्या हंगामी वसतिगृहात द्यायला लागलो होतो. आईबाप ऊसतोडीला गेले की त्यांची पोरं एप्रिलपर्यंत त्या वसतिगृहात राहत. त्रेसष्ट पोरं. रोज भाकरीच्या पिठात माणशी एक चमचा हिरवी पावडर. प्रथिनं, लोह, जीवनसत्त्वं, सगळं काही आहे, असं पोत्यावर छापलेलं होतं.

"सर, मी हिशेब केलाय," मी म्हटलं. "पंचवीस किलो वजनाच्या मुलाला आठवड्याला जेवढं चालतं, त्याच्या पंधरापट जातंय."

"लॅब कुठली?"

"चांगली आहे. दोनदा करून घेतलंय."

"ॲल्युमिनियमच्या पातेल्यात अख्खा देश स्वयंपाक करतो, पद्मजा. ॲसिडिटीच्या दोन गोळ्यांत याच्यापेक्षा जास्त असतं. माणसं त्या वर्षानुवर्षं चघळतात. कोण मेलं?"

"ही मुलं आहेत. आणि रोज खातात."

"काही होत नाही. शरीर बाहेर टाकतं." त्यांनी घड्याळात पाहिलं. "आज मुंबईच्या ट्रस्टची माणसं येतायत. एक वसतिगृह नाही, चाळीस. चाळीस वसतिगृहांना आपली पावडर जाणार. त्यातून आपण पुढच्या वर्षी पुन्हा कार्बनच्या पट्ट्या घेऊ, सगळं नीट करू. पण आज नाही."

"पुढच्या वर्षापर्यंत मुलांनी खायचं?"

"एप्रन बदल," ते म्हणाले. "आणि तो रिपोर्ट मला दे."

मी दिला नाही. छपाई केलेला कागद एप्रनच्या खिशात होता. मी एप्रन काढला, कागद कुर्त्याच्या खिशात घातला आणि कंपनीच्या टेम्पोत चाळीस किलोच्या पोत्यांशेजारी बसून वसतिगृहावर गेले.

वसतिगृह म्हणजे ग्रामपंचायतीच्या गोदामाच्या दोन खोल्या आणि पत्र्याचं स्वयंपाकघर. तिथे केसरबाई सानप स्वयंपाक करायच्या. पन्नाशीच्या, उंच, हाडापेराने मजबूत. त्यांनी स्वतः वीस हंगाम ऊस तोडला होता. कंबर गेली तेव्हा कोयता सुटला आणि हातात परात आली. पोरांच्या आया उसाच्या फडावर जाताना केसरबाईंच्या हातात पोरांचा हात देऊन जायच्या, सरपंचाच्या नाही, मास्तरांच्या नाही.

मी पोचले तेव्हा साठेक भाकरी थापून झाल्या होत्या. दुरडीत हिरवट भाकऱ्यांचा ढीग. बाहेर मांडव, सतरंज्या, ताटं घेऊन रांगेत बसलेली पोरं. दोन पांढऱ्या गाड्या येऊन थांबल्या आणि सरांचा आवाज सुरू झाला. सूर्याची ऊर्जा, हिरवं सोनं, कुपोषणमुक्ती.

"केसरबाई, ही भाकरी वाढू नका."

"का बरं? करपली का?"

"पावडरीत धातू आलाय. पट्ट्यांचा. मुलांना चांगला नाही."

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, ती फुगेपर्यंत थांबल्या आणि मग चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"कधीपासून आलाय?"

"आज रिपोर्ट आला."

"रिपोर्ट आज आला. धातू कधीपासून आलाय?"

धूर डोळ्यांत जात होता, ते निमित्त धरून मी डोळे चोळले.

"पैल्या दिवसापासून?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

केसरबाईंनी पदर खोचला आणि त्या बाहेर गेल्या. तोवर मदतीच्या बाईने पहिली दुरडी वाढूनही टाकली होती. ट्रस्टच्या एक बाई एका मुलीच्या तोंडाशी घास धरून उभ्या होत्या आणि समोर फोटोवाला वाकला होता. केसरबाईंनी त्या बाईंच्या बोटांतून तो घास काढून घेतला. मग रांगेच्या एका टोकापासून एकेका ताटातली भाकरी उचलून त्या दुरडीत टाकत चालल्या. पोरांना वाटलं आपलंच काही चुकलं. एकाने भाकरीवर हात दाबून धरला, तर त्यांनी तो हात हळूच सोडवला. सरांचं भाषण थांबलं. सगळ्या मांडवात फक्त दुरडीत भाकरी पडल्याचा आवाज.

"हे काय चाललंय, केसरबाई?" सर हसतच म्हणाले. पाहुण्यांसमोर ते नेहमी हसतच बोलायचे.

"मॅडमला विचारा," केसरबाई म्हणाल्या.

सगळे माझ्याकडे वळले. मी खिशातला कागद काढला आणि वाचला. इंग्रजी आकडे मी मराठीत सांगितले. माझा आवाज चिरकत होता. मला सरांच्या तोंडावर ओरडायचं होतं, पण जे बाहेर आलं ते एखाद्या वर्गात प्रकल्प सादर करणाऱ्या मुलीसारखं होतं. तरी सगळं सांगितलं. ट्रस्टच्या बाईंनी रुमालाने बोटं पुसली. पाच मिनिटांत दोन्ही गाड्या निघून गेल्या.

गाड्यांची धूळ खाली बसल्यावर सर माझ्यासमोर आले. आता ते हसत नव्हते.

"फार शूर झालीस."

"तुम्हाला सगळं माहीत होतं," मी म्हटलं. आता आवाज सापडला होता. "पट्ट्या झिजतायत हे तुम्हाला दिसत होतं. त्रेसष्ट पोरांना तुम्ही प्रयोगाच्या उंदरांसारखं वापरलंत. तुम्हाला लाज वाटत नाही?"

"मला माहीत होतं?" त्यांनी खिशातून फोन काढला, बोटाने वर-खाली केलं आणि स्क्रीन माझ्याकडे धरला. "वाच. मोठ्याने वाच, केसरबाईंनाही ऐकू दे."

तो माझाच मेल होता. ऑगस्टमधला. वसतिगृहाची परवानगी मागायची होती तेव्हा फाईलला एक तांत्रिक टिपण हवं होतं. मी लिहिलं होतं: 'पट्ट्यांमधून सुटणारा धातू पाण्यातच राहतो. शेवाळात तो आढळण्याजोगा उतरत नाही.' खाली माझं नाव, पद्मजा चौगुले, एम.एस्सी.

"चाचणी केली होतीस तेव्हा?" सरांनी विचारलं.

"तुम्ही म्हणालात, दोन दिवसांत टिपण हवंय."

"मी टिपण मागितलं. खोटं लिही म्हणालो नव्हतो. आणि तू हुपरीची ना? बाप चांदीच्या मुलाम्याचं काम करतो ना तुझा? पट्टी झिजते ती कुठे जाते, हे तुला मी शिकवायचं?"

हे मी इतकी वर्षं कुणाला नीट सांगितलेलं नाही. आमच्या घराच्या पुढच्या खोलीतच आप्पांचा मुलाम्याचा हौद होता. एका तारेला चांदीची पट्टी, दुसऱ्या तारेला पितळेची पैंजणं. वीज सोडली की पट्टी झिजायची आणि पैंजणं पांढरी व्हायची. मी सात वर्षांची असेन, आप्पांनी मला विचारलं होतं, "पमा, पट्टी बारीक झाली, मग चांदी गेली कुठं?" मी पैंजणावर बोट ठेवलं होतं. आप्पा खूश झाले होते.

म्हणजे ऑगस्टमध्ये मला माहीत होतं. आमच्याकडे आधी कार्बनच्या पट्ट्या होत्या. त्या झिजत नसत, पण शेवाळ वर यायला तीन तास लागत आणि ढग आला की तेही थांबे. ॲल्युमिनियम घालून बघू, हे मीच सुचवलं होतं. वीस मिनिटांत पाणी नितळ झालं तेव्हा सर्वांत आधी टाळ्या मी वाजवल्या होत्या. तेव्हा ते माशांसाठीही नव्हतं, तेलासाठी होतं. तेलाचं खाद्य झालं आणि खाद्याची भाकरी झाली, तेव्हा मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. माझ्या नावाने पेपर निघणार होता.

"उद्यापासून येऊ नकोस," सर म्हणाले आणि टेम्पोत बसून गेले.

मी केसरबाईंकडे वळले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "केसरबाई, मला माफ करा. मी..."

"माझ्याम्होरं रडू नको." त्या मला पहिल्यांदाच अगं-तुगं करत होत्या. "माझी काय पोरं हायेत का ती? ज्यांची हायेत त्यास्नी जाऊन सांग."

"आया फडावर आहेत ना?"

"फड काय चंद्रावर हाय का?"

"जाईन मी. उद्या सकाळी..."

"आत्ता. मी येते संगं. तू एकटी गेलीस तर अर्ध्या वाटंतून माघारी फिरशील."

पोरांना खिचडी लावायला त्यांनी मदतीच्या बाईला सांगितलं, पायांत चपला घातल्या आणि एसटीच्या थांब्याकडे चालायला लागल्या. मी त्यांच्या मागे. नगर जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या टापूत गावातल्या ऊसतोडीच्या बऱ्याच टोळ्या उतरल्या होत्या. दोन एसट्या आणि एक वडापची जीप, अडीच तास. तिकीट केसरबाईंनी स्वतःचं स्वतः काढलं.

चार वाजता आम्ही फडात पोचलो. अर्धा ऊस तुटलेला, पाचटाचा थर गुडघ्यापर्यंत, बायका मोळ्या बांधत होत्या. केसरबाईंना बघून एकदोघींचे चेहरे उतरले. हंगामाच्या मधे गावाकडून माणूस आलं की बातमी चांगली नसते.

"पोरं बरी हायेत," केसरबाईंनी आधी ओरडून सांगितलं. "बरी हायेत. पर ह्या बाईला तुमास्नी काय सांगायचंय. ऐकून घ्या."

आठ-दहा जणी जवळ आल्या. पुढे उभी होती ती मंगल नागरगोजे. माझ्याच वयाची, सत्तावीस-अठ्ठावीसची. तिची रेणुका वसतिगृहात होती, चौथीत; रोज पावडर घेऊन गेले की मी रेणुकाच्या डोक्यावरून हात फिरवायचे. पुरुषांचा शर्ट साडीवर चढवलेला, हातांना चिंध्या गुंडाळलेल्या.

मी सांगितलं. मांडवात सांगितलं त्याहून वेगळं सांगावं लागलं, कारण इथे आकड्यांच्या मागे लपता येत नव्हतं. पट्टी, वीज, शेवाळ, भाकरी. आणि शेवटी हेही सांगितलं, की मला माहीत होतं आणि मी कागदावर खोटं लिहिलं.

"किती दिस खायलेत पोरं?" मंगलने विचारलं.

"अडीच महिने."

"रेणुका बी?"

"सगळीच."

तिच्या गालावर उसाच्या पात्याने कापल्याची बारीक रेघ होती, त्यावर घाम ओघळत होता.

"दिवाळी झाल्यावर फोनवर म्हनायली व्हती, आई, भाकर हिरवी दिसती, मला नको वाटती," ती म्हणाली. "मीच रागावले तिला. म्हनलं, खा गुमान. शिकलेल्या बाईनं तुमच्यासाठी बनवलीय."

तिने मला शिवी दिली असती तर मी उभी राहू शकले असते. कोयता उगारला असता तरी चाललं असतं. ती फक्त वळली, बांधलेली मोळी डोक्यावर घेतली आणि ट्रककडे गेली. ट्रक भरायचा होता. रागवायलाही तिला ट्रक भरून होईपर्यंत थांबावं लागणार होतं, हे मला तिथे त्या पाचटात उभं असताना कळलं, आणि मला स्वतःची, सरांची, त्या टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांची चीड आली.

तिसऱ्या दिवशी बायका गावात आल्या. टोळीच्या मुकादमाशी भांडून, दोन दिवसांचं काम बुडवून. त्यांनी प्रकल्पाच्या फाटकाला आपलं कुलूप घातलं. शेडमधली पोती माळावर आणून फोडली. वाऱ्याने ती हिरवी भुकटी पार रस्त्यापर्यंत पसरली. सर पोलीस घेऊन आले, तेव्हा केसरबाई फाटकासमोर बसून होत्या आणि त्यांच्या हातात माझ्या रिपोर्टची आणि माझ्या मेलची प्रत होती. दोन्ही मीच दिल्या होत्या. पोलिसांनी त्या दोन्ही वाचल्या आणि कुलूप तोडलं नाही.

पण आयांचा आता वसतिगृहावर विश्वास राहिला नव्हता. पोरांच्या पिशव्या भरल्या गेल्या. त्रेसष्टच्या त्रेसष्ट पोरं त्याच दिवशी फडावर गेली. केसरबाई पुढे पंधरा दिवस फडाफडांतून फिरल्या. पीठ मी दळणार, पोतं मी उघडणार, बाहेरचं काही येणार नाही, असं प्रत्येकीला सांगत. बावन्न पोरं परत आली. अकरा आली नाहीत. त्या वर्षी त्यांची शाळा बुडाली ती बुडालीच. त्या अकरांत रेणुका होती. गुरांसाठी उसाची वाढं गोळा करायला आणि धाकट्या भावाला सांभाळायला ती आईजवळ राहिली. हेही माझ्याच खात्यावर आहे, कुणी कबूल करो वा न करो.

मार्चमध्ये जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात सगळ्या पोरांचं रक्त तपासलं. मी तिथे होते. नोकरी नव्हतीच, रोज जाऊन नमुन्यांच्या यादीवर नावं ताडून बघायचं काम मी मागून घेतलं होतं. निकाल आले. साठ पोरांचं सगळं ठीक होतं. तिघांचं प्रमाण थोडं वर होतं, तेही उतरेल असं डॉक्टर म्हणाले, आणि जूनपर्यंत ते उतरलं.

कंपनीचं पत्र दुसऱ्याच दिवशी आलं. शिरोळे सरांची सही. तपासणीत कोणत्याही मुलाला इजा झाल्याचे आढळले नाही, गैरसमजातून कंपनीचे मोठे नुकसान झाले, तरी कंपनी कुणाविरुद्ध आकस ठेवत नाही, वगैरे. पत्राची एकेक प्रत प्रत्येक पालकाला द्यायची होती. निकाल समजून घ्यायला आलेल्या बायका रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसल्या होत्या, आणि वाचून दाखवायला त्यांनी मलाच सांगितलं, कारण तिथे लिहितावाचता येणारी मी होते.

मी वाचलं. ऐकता ऐकता काही बायकांचे खांदे सैल पडले. एकीने हात जोडले. एक म्हणाली, "म्हंजी काई झालं नाही. देव पावला."

मलाही सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी मंगलकडे बघितलं. मला वाटलं, आता ती एखादा शब्द बोलेल, निदान मान हलवेल. ती रेणुकाच्या दंडावर सुई टोचलेल्या जागी बोट फिरवत होती.

"काही झालं नाही, मंगलताई," मी म्हटलं. "रेणुका अगदी ठीक आहे."

मंगलने मान वर केली.

"काई झालं नाही म्हंजी?" ती म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "माझ्या लेकीच्या ताटात काय टाकायलेत, ते कुनी मला विचारलं नाही. त्यो तुझा सायेब तर परका मानूस. पर तू रोज तिच्या डोक्यावरून हात फिरवायचीस. तू बी नाही विचारलंस."

तिने रेणुकाचं मनगट धरलं, आणि दोघी एसटी स्टँडकडे निघून गेल्या.